गोकुळधामची गर्दी: समूहावर उभी राहिलेली विनोदी मालिका कशाने चालते, कशाने थकते

कोरडवाहू

'तारक मेहता का उल्टा चष्मा' २८ जुलै २००८ ला सब टीव्हीवर सुरू झाली आणि तिच्या भागांनी ४,००० चा आकडा ओलांडला. यवतमाळ-वाशीमपासून गडचिरोलीपर्यंत ती माहीत नसलेलं घर सापडणं कठीण. 'फक्त मराठी'वर ती 'गोकुळधामची दुनियादारी' या नावाने मराठीतूनही आली. गावातली पोरं मोबाईलवर विनोदी भाग काढायला बसतात तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यासमोर हाच नमुना असतो. पण उचलतात ते वरवरचं: आरडाओरडा, ठरलेले शब्द, चेहऱ्यावर आदळणारा आवाज. आतलं यंत्र तसंच राहून जातं. म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की या मालिकेचा विनोद पात्रांच्या जोड्यांमधून येतो. गोकुळधाम सोसायटीतला जेठालाल गडा एकटा दुकानात बसला तर तो साधा व्यापारी आहे. त्याचे वडील बापूजी दारात आले की तो पोरगा होतो, सोसायटीचा सेक्रेटरी भिडे आला की नियम मोडणारा रहिवासी, अय्यरची बायको बबिताजी आली की बावरलेला शेजारी, मेहता आला की मदत मागणारा मित्र. माणूस एकच, पण समोरच्यागणिक त्याचं पाणी बदलतं. दिलीप जोशींच्या अभिनयाचं निम्मं मोठेपण या बदलण्यात आहे.

आता हिशेब. सोसायटीतली जुनी घरं मोजली तर गडांचे चार, भिड्यांचे तीन, मेहतांचे दोन, अय्यरांचे दोन, सोढींचे तीन, हाथींचे तीन आणि एकटा पोपटलाल, म्हणजे अठरा. अठरा माणसांच्या जोड्या होतात १५३. सोड्याच्या दुकानाचा अब्दुल आणि जेठालालच्या दुकानातले नट्टू काका व बाघा धरले तर २१ माणसं आणि २१० जोड्या. एवढा माल लेखकाच्या कोठारात आहे. प्रत्यक्षात ठळक चालतात त्या डझनभर: जेठालाल-बापूजी, जेठालाल-भिडे, जेठालाल-मेहता, जेठालाल-अय्यर, जेठालाल-दया (त्याची बायको), जेठालाल-सुंदर (दयाचा भाऊ, वरच्या मोजणीबाहेरचा), जेठालाल-बाघा, भिडे-टप्पू (जेठालालचा पोरगा), भिडे-माधवी, मेहता-अंजली, अय्यर-बबिता. बाकीच्या अधूनमधून.

या यादीतच ताकद आणि दुखणं दोन्ही दिसतात. बहुतेक जोड्यांचं एक टोक जेठालालजवळ आहे. बैलगाडीच्या चाकासारखी रचना: तुंबा एक, आरे अनेक. तुंबा भक्कम आहे तोवर कोणताही आरा लावा, चाक फिरतं. पण आऱ्यांचे आपसात सांधे नाहीत. हाथी आणि अय्यर यांच्यात काय आहे? हाथींची बायको कोमल आणि बबिताचं काय? इतकी वर्षं झाली तरी चटकन सांगता येत नाही. जेठालाल ज्या भागात नसतो तो भाग मला म्हणून पातळ लागतो.

दुसरी मोठी ताकद जागेची आहे. मधलं अंगण, अब्दुलचं दुकान, गडा इलेक्ट्रॉनिक्स आणि घरं. अंगण आणि सोड्याचं दुकान अशा जागा आहेत जिथे कोणीही कारणाशिवाय येऊ शकतो. विनोद लिहिणाऱ्याचा अर्धा वेळ 'हा इथे का आला' हे पटवण्यात जातो, तो इथे वाचतो. आपल्याकडे ही जागा म्हणजे पानठेला, आटाचक्की, एसटीचा थांबा, राशनचं दुकान. वाड्याचं दिवाणखान्यासारखं बैठकघर मात्र घेऊ नका, तिथे प्रत्येकाला बोलावणं लागतं.

जाणकारांनी भर घालावी.

---

मामा तलाव

चांगला धागा. मी झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या रंगभूमीच्या बाजूने लिहितो.

दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने आपल्याकडे नाटकं होतात, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि पहाटेपर्यंत चालतं. गडचिरोलीतल्या वडशाच्या नाटक कंपन्यांची नाटकं पाहिली तर त्यांत विनोदी पात्रांचा मान मोठा. डॉ. परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती याच रंगभूमीच्या कामासाठी. पण तिथे विनोदाची जागा वेगळी आहे. मुख्य कथा डोळ्यात पाणी आणते आणि विनोदी जोडी मधे येऊन प्रेक्षकाचा श्वास मोकळा करते. म्हणजे विनोदाला रडण्याचा टेकू आहे. मालिकेत सगळेच विनोदी, त्यामुळे हा टेकू नाही. तो आतूनच काढावा लागतो.

तो काढतात सरळ माणसातून. समूहात एक तरी माणूस असा लागतो जो प्रेक्षकाच्या बाजूने पाहतो. गोकुळधाममध्ये तो तारक मेहता. 'चित्रलेखा' या गुजराती साप्ताहिकातल्या मूळ सदरात लेखक स्वतःच निवेदक होते, आणि मालिकेने ती खुर्ची शैलेश लोढांना दिली. जेठालाल त्याला 'फायर ब्रिगेड' म्हणतो ते रचनेच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. सगळीकडे जाळ पसरवायला लेखक मोकळा राहतो, कारण विझवणारा माणूस ठरलेला आहे.

यात एक धोका आहे. सरळ माणूस स्वतः विनोदी करायचा मोह होतो. मेहताच्या बाबतीत त्याच्यासाठी अंजलीचं पथ्याचं जेवण, कारल्याचा रस वगैरे आणलं. थोडं असतं तेव्हा गोड लागतं, कारण मोठ्या माणसाची छोटी अडचण दिसते. पण ते रोजचं झालं की विझवणाराही जळायला लागतो, आणि मग प्रसंग शेवटाला नेणारं कोणीच उरत नाही.

आणखी एक: झाडीपट्टीत हशा समोरून येतो. नट थांबतो, हशा ओसरू देतो, मग पुढचं वाक्य टाकतो. मालिकेत समोर कोणी नाही, म्हणून हशाच्या जागी आवाज आणि चेहरे भरतात. एक धक्का बसला की सात जणांचे चेहरे, प्रत्येकी दोन सेकंद धरा, झाले १४ सेकंद. एका भागात असे सहा धक्के म्हणजे ८४ सेकंद. अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती वजा जाता २२ मिनिटं उरतात, त्यातला जवळजवळ दीड मिनिट नुसत्या तोंडं दाखवण्यात गेला. पोरांनो, हे उचलू नका. मोबाईलच्या ७ मिनिटांच्या भागात तर अजिबातच नाही. धक्का ज्याला सगळ्यात जास्त लागला त्याचा एकच चेहरा दाखवा, आणि ज्याला तो कळलाच नाही त्याचा एक.

---

अंबाडी

मामा तलाव दादा, शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेण्यासारखं आहे.

---

धुरा

मी वेळापत्रकाचं बोलतो, कारण दोष पात्रांच्या माथी मारले जातात आणि मूळ तिथे असतं.

'साराभाई वर्सेस साराभाई' स्टार वनवर २००४ मध्ये आली आणि २००६ मध्ये थांबली, सुमारे ७० भाग. आठवड्याला एक. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' अल्फा मराठीवर तशीच साप्ताहिक. याउलट गोकुळधाम आठवड्याचे पाच-सहा दिवस. पाच धरले तरी ११० मिनिटं, म्हणजे दर आठवड्याला एक अख्खा चित्रपट लिहायचा, शूट करायचा, जोडायचा. वर्षानुवर्षं. या वेगाने कोणीही लिहिलं तरी शेंगेत दाणे कमीच भरणार.

विनोदी कथेच्या पायऱ्या साधारण ठरलेल्या असतात. कोणाला तरी काही तरी हवं असतं. सरळ मार्गाने मिळत नाही म्हणून तो आडवाट धरतो. आडवाट झाकायला खोटं बोलतो, ते टिकवायला दुसरं खोटं. दोन खोट्यांची गाठ पडते, सगळं उघडं पडतं, मग समेट. २२ मिनिटांत बसवलं तर एका पायरीला तीन-साडेतीन मिनिटं येतात. हीच कथा आठ-दहा भागांवर ताणली की पायऱ्या वाढत नाहीत, फक्त बातमी फिरते. भिडे माधवीला सांगतो, माधवी अंजलीला, अंजली मेहताला, मेहता जेठालालला. प्रेक्षकाला जे पहिल्या दिवशी कळलं ते घरोघरी चार वेळा सांगितलं जातं. ज्यांचा कालचा भाग चुकला त्यांना याची मदत होते हे खरं, आणि रोजच्या मालिकेला ती सोय ठेवावीच लागते. पण विनोदाचं मरण तिथेच आहे.

उपाय काय? कथा एकाऐवजी दोन चालवा. मोठी दहा भागांची असू द्या, पण प्रत्येक भागाला त्याच भागात संपणारी एक लहान कथा द्या, आणि ती अशा जोडीला द्या जी मोठ्या कथेत नाही. कोरडवाहू भाऊंनी मोजलेल्या १५३ जोड्यांपैकी बसून असलेल्या जोड्या इथे कामाला येतील. सुरुवातीच्या वर्षांत टप्पू सेनेच्या, म्हणजे सोसायटीतल्या पोरांच्या, खोड्या हे काम करत होत्या. भिड्याच्या खिडकीची काच फुटली की तेवढ्यात एक छोटा भाग पुरा व्हायचा.

टिपऱ्यांच्या घरात माणसं पाच: आबा, शेखर, श्यामला, शिऱ्या, शलाका. साराभाईंच्या घरातही पाचच: इंद्रवदन, माया, साहिल, मोनिषा, रोसेश. पाच जणांच्या जोड्या दहा. आणि दोन्हीकडे दहाच्या दहा जोड्या राबतात. इंद्रवदन-मोनिषा यांची गट्टी, माया-मोनिषा यांच्यातलं उच्चभ्रू-मध्यमवर्गी अंतर, माया-रोसेशचं आंधळं कौतुक, इंद्रवदन-रोसेशची टवाळी, आणि मधे सापडलेला साहिल. एकही नातं रिकामं नाही. माझ्या मते भारतीय टीव्हीवरची सगळ्यात घट्ट विणलेली विनोदी मालिका हीच.

---

सातबारा

मले भाषेचं सांगा लागते, कारन त्याच्यावर कोनी बोलत नाही.

टीव्हीवर वऱ्हाडी मानूस आला का त्याच्या तोंडात 'मले, तुले, काहून' टाकून देतात अन बाकीचं वाक्य पुन्याचं ठेवतात. तसं जमत नाही बाप्पा. 'तू काय करतो आहेस' याचं 'तू काय करून राह्यला' होते. 'मी जातो आहे' याचं 'मी जाऊन राह्यलो'. क्रियापदाची चालच येगळी हाये. 'ले' हा प्रत्यय लावला म्हनून वाक्य वऱ्हाडी होत नाही, जसा शेला बांधला म्हनून कोनी नवरदेव होत नाही.

अन पुरा विदर्भ एक बोलत नाही. आमच्याकडं, म्हंजे अकोला-अमरावतीकडं, 'डोळा'चा 'डोया' होते. झाडीत 'डोरा' म्हनतात. नागपूरचं हिंदी मिसळलेलं बोलनं तिसरंच. एका नाटकात मामा दर्यापूरचा अन भाचा ब्रह्मपुरीचा दाखवला तर दोघाईच्या तोंडी एकच बोली देऊ नका. त्या फरकातच दहा मिनिटाचा माल हाये.

'चला हवा येऊ द्या'मधी भारत गणेशपुरेनं वऱ्हाडी बोली साऱ्या महाराष्ट्राले ऐकवली, त्याचं मोठेपन हे का त्यानं बोली चिडवाले वापरली नाही, तिच्या ठेक्यात इचार केला. वऱ्हाडी मानूस हळू सुरू करते अन शेवटच्या दोन शब्दात झटका देते. तो ठेका सापडला पायजे, शब्द मागाहून येतात.

गोकुळधाममधी हेच दुखनं हाये. अय्यर तामीळ, सोढी पंजाबी, बबिता बंगाली, भिडे मराठी. 'मिनी इंडिया' म्हनतात. पन हरेकाच्या वाट्याले दोन-चार शब्द अन एक पदार्थ, बस. भिड्याच्या घरी 'अगं माधवी' अन लोनचं-पापड. मंदार चांदवडकर अन सोनालिका जोशी दोघंई जीव लावून काम करतात, पन लिहिनाऱ्यानं त्याहिले मराठी घरातलं खरं भांडन कधी देल्लं? मराठी मास्तर काटकसर करते ती गरिबीची भीती म्हनून, का सवय म्हनून, का तत्त्व म्हनून? ह्याच्यातून कितीक भाग निघाले असते.

---

बोडी

सातबारा भाऊ, भिड्याबद्दल थोडी वेगळी बाजू. त्याचं 'एकमेव सेक्रेटरी' असणं आणि सखाराम नावाची स्कूटर, या दोन गोष्टी जात-प्रांताच्या पलीकडच्या आहेत. पद लहान, पण ते जपण्याची धडपड मोठी, आणि वाहन जुनं पण त्यावर जीव. असा माणूस प्रत्येक गावात पाणीपुरवठा समितीवर असतो. त्यामुळे ते पात्र मला मालिकेतलं सगळ्यात चांगलं लिहिलेलं वाटतं, जेठालालपेक्षाही.

मला बोलायचं आहे नट बदलण्याबद्दल. समूह-मालिकेचा फायदा असा सांगतात की एक नट गेला तरी मालिका थांबत नाही. ते अर्धंच खरं. कोण गेलं यावर सगळं आहे.

डॉ. हाथींचं पाहा. आधी निर्मल सोनी, मग २००९ पासून कवी कुमार आझाद, २०१८ मध्ये त्यांचं निधन झाल्यावर पुन्हा निर्मल सोनी. धक्का प्रेक्षकांना माणूस गेल्याचा बसला, कथेला नाही. कारण हाथींचं काम कथेत मर्यादित होतं. टप्पू २०१७ मध्ये भव्य गांधीकडून राज अनादकतकडे गेला आणि २०२३ मध्ये नितीश भलूनीकडे. तिथे खरी अडचण नटाची नव्हती, वयाची होती. खोड्या करणारा पोरगा कॉलेजात गेला की भिडे-टप्पू जोडीचा दात पडतो. काच फोडणं दहाव्या वर्षी खोडी असते, विसाव्या वर्षी नुकसान.

मेहता २०२२ मध्ये बदलला, सचिन श्रॉफ आले. हा बदल अवघड, कारण तो निवेदक आहे. निवेदकाचा आवाज बदलणं म्हणजे घराची चौकट बदलणं.

आणि दया. दिशा वकानी २०१७ पासून नाहीत. इथे मालिकेने सगळ्यात मोठी चूक केली असं मी स्पष्ट म्हणेन. नवी दया आणली नाही हे एक वेळ समजू शकतं, ती भूमिका इतकी त्या आवाजाशी आणि गरब्याशी जोडलेली होती. पण कथेत तिचं जाणं कधी पक्कंच केलं नाही. ती अहमदाबादला माहेरी आहे, येणार आहे, निघाली आहे, पुन्हा अडली. प्रेक्षकाला आशा लावून परत घ्यायची, असं वारंवार झालं की तो विनोदावरही विश्वास ठेवत नाही. पोपटलालच्या कधीच न जमणाऱ्या लग्नाचंही तेच. आशा हे विनोदाचं इंधन आहे, पण टाकी दाखवून गाडी चालवता येत नाही. लग्न करून द्या, आणि लग्नानंतर पोपटलालला नव्या अडचणी द्या. छत्री आणि पत्रकारी दोन्ही तशीच राहतील.

गावच्या मंडळींसाठी यातून घेण्यासारखं: तुमच्या भागात काम करणारी मंडळी रोवणी, कापणी, कापूस वेचणीच्या दिवसांत हमखास गायब होणार. म्हणून लिहितानाच ठरवा, कोणतं पात्र गेलं तर चालेल आणि कोणतं गेलं तर भाग बंद ठेवावा लागेल. तुंब्यावर बसलेल्या पात्राला शेतीचं काम कमी असलेला माणूस द्या. हे ऐकायला साधं वाटतं, पण गावचे अनेक उपक्रम याच ठिकाणी अडतात.

---

मोहफूल

बायांच्या पात्रांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

गोकुळधाममध्ये महिला मंडळ आहे, पण ते बरेचदा एकाच सुरात बोलतं. पाच जणी एका रांगेत उभ्या आणि वाक्यं वाटून दिलेली. तीन पुरुष सोड्यावर बसले की तिघांचे तीन स्वभाव दिसतात, पाच बाया उभ्या राहिल्या की एक 'मंडळ' दिसतं. अपवाद माधवीच्या लोणचं-पापडाच्या धंद्याचा. तिथे ऑर्डर आहे, मुदत आहे, पैसा आहे, म्हणून नाट्य आहे. मालिकेने तो धंदा पार्श्वभूमीला ठेवला याचं मला वाईट वाटतं.

काम हातात असलं की विनोदाला घड्याळ मिळतं. कुरोड्यांचं उदाहरण घ्या. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलायचं. चौथ्या दिवशी वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर स्थिर ठेवायचा. पाचव्या दिवशी पहाटे वरचं निवळ पाणी ओतून द्यायचं. एक वाटी चिकाला एक ते सव्वा वाटी पाणी, मीठ घालून उकळी आणायची, एकीने चीक सोडायचा आणि दुसरीने सतत हलवायचं. हात थांबला की गाठी. कच्चा राहिला तर वाळल्यावर कुरोडी मोडते. गार झाला तर सोऱ्यातून उतरत नाही. आणि ऊन चढायच्या आत सगळं खाटेवर पडलं पाहिजे.

आता पाच पात्रं ठेवा. आजी, जिला दुसऱ्या कोणाच्या हाताचं पटत नाही. सून, जिने बचत गटाची ऑर्डर घेतली आहे पण आजीला सांगितलं नाही. मुलगा, ज्याने सोऱ्या कोणाला तरी उसना दिला आहे आणि कोणाला ते आठवत नाही. शेजारीण, जी मदतीला येते आणि आपल्या वाट्याच्या कुरोड्या मनात मोजते. आणि नातू, ज्याला आभाळ आलं आहे हे पहिल्यांदा दिसतं, पण सांगितलं तर आपल्याला क्रिकेट सोडून धावपळ करावी लागेल म्हणून तो गप्प आहे.

सुरुवातीच्या तीन मिनिटांत चीक चुलीजवळ येतो आणि सोऱ्या नाही हे कळतं. पुढची चार मिनिटं मुलगा सोऱ्या शोधत गाव फिरतो, आणि प्रत्येक घरी काही कबूल करून येतो. इकडे आजी आणि सून यांचं बोलणं बंद, पण चीक ओतायला एक आणि हलवायला एक लागतेच. दोघींना एका पातेल्यावर उभं राहावंच लागतं. बाराव्या मिनिटाला ऑर्डरची गोष्ट शेजारणीच्या तोंडून फुटते, तेव्हा आजीचा हात थांबतो आणि गाठी होतात. पुढच्या सहा मिनिटांत सोऱ्या येतो, चीक गार होत चाललेला, आभाळ भरलेलं. शेवटची चार मिनिटं सगळे खाट घरात घेतात आणि पंख्याखाली कुरोड्या पसरतात.

खरी युक्ती पातेल्याची आहे. असं काम निवडा ज्यात भांडण असलेल्या दोघांना हात एकत्र लावावाच लागतो. नुसतं बसून भांडणारी माणसं दोन मिनिटांत संपतात. गोकुळधाममध्ये गणपतीचे किंवा नवरात्राचे भाग चांगले जमत आले ते यामुळेच, सगळ्यांना एकच मांडव उभारायचा असतो.

---

धुरा

मोहफूल ताई, हा कच्चा आराखडा नाही, पूर्ण भाग आहे. एकच सूचना: आभाळाची बातमी नातवाला अगदी सुरुवातीला, पहिल्या मिनिटात कळू द्या. प्रेक्षकाला ती माहीत आणि घरातल्यांना नाही, या अवस्थेत जितका वेळ राहता येईल तितका चांगला.

---

मामा तलाव

+१. आणि पंख्याखाली वाळवलेली कुरोडी नीट फुलेल की नाही हा आजीचा शेवटचा प्रश्न ठेवा.

---

कोरडवाहू

सभेबद्दल राहिलं. गोकुळधाममध्ये सगळे वाद अंगणातल्या सभेत मिटतात. ही मालिकेची सभ्य बाजू आहे आणि मला मनापासून आवडते: तिथे कायमचा खलनायक नाही, चूक करणाऱ्याला सगळ्यांसमोर चूक कबूल करता येते. आजी-आजोबा आणि नातवंडं एका ताटावर बसून पाहू शकतात ते याच कारणाने.

पण सभेच्या प्रसंगात चौदा माणसं उभी केली आणि प्रत्येकाला एकेक वाक्य दिलं तर चार सेकंदांच्या हिशेबाने एक फेरी जवळपास मिनिटाची होते, आणि त्यात कथा तसूभर हलत नाही. सभेत बोलणारे तीनच ठेवा: मागणारा, अडवणारा, आणि दोघांनाही न कळलेला. बाकीच्यांना एकत्र हालचाल द्या.

गावासाठी ग्रामसभा याहून चांगली जागा आहे, कारण तिला कायद्याची चौकट आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तारखा सगळ्यांना पाठ. गणपूर्तीला, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी आकडा. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे एका पात्राला सभा व्हायला हवी आहे, दुसऱ्याला ती तहकूब व्हायला हवी आहे, आणि दोघेही गावभर माणसं गोळा करत आणि पांगवत फिरत आहेत. खोटं बोलण्याची गरजही नाही, नियमच विनोद तयार करतो.

'पंचायत' या हिंदी वेब मालिकेने २०२० च्या पहिल्या आठ भागांत हेच केलं. फुलेरा हे उत्तर प्रदेशातल्या बलियाचं गाव दाखवलं, चित्रीकरण मध्य प्रदेशात सीहोरजवळच्या महोडियात झालं, पण कार्यालयातली लहान कामं खरी होती म्हणून आपल्याला गाव ओळखीचं वाटलं. पुढे निवडणुकीचं राजकारण मोठं होत गेलं तसा लहान कामांना वेळ उरला नाही, आणि मला वाटतं तिथेच ती मालिका जड झाली.

---

अंबाडी

एक शंका. हाथींच्या खाण्यावरचे आणि पोपटलालच्या लग्नावरचे विनोद गावात सगळ्यात जास्त हसवतात. ते काढले तर हशा कमी होणार नाही का?

---

बोडी

शरीरावरचा विनोद पहिल्यांदा हसवतो, पन्नासाव्यांदा फक्त आठवण करून देतो. हाथींचे चांगले भाग आठवा: ते जेवणाच्या वेळेला कुठे तरी अडकलेले असतात आणि सभ्यतेमुळे निघता येत नाही. तिथे विनोद वजनाचा नसून सभ्यपणाचा आहे, आणि तो कधी जुना होत नाही. अंगावरचा विनोद लिहिलाच तर तो त्या पात्राच्या तोंडून यावा, शेजाऱ्याच्या नाही. जेठालालच्या बबिताकडे पाहण्याचंही तसंच. तो बावरतो तोवर गोड. अय्यरला मूर्ख ठरवून तो जिंकायला लागला की घरातल्या पोरी उठून जातात, हशा तिथेच कमी होतो.

---

सातबारा

हे बरोबर हाये. अन वऱ्हाडीत तर मानूस सोताचीच थट्टा आधी करते, मंग दुसऱ्याची. तो क्रम ठेवा.

---

अंबाडी

शेवटचं विचारतो. मोबाईलवर ७ मिनिटांचा भाग, पानठेला ही एकच जागा. पात्रं किती?

---

कोरडवाहू

चार. जोड्या सहा होतात, त्यातल्या तीन एका भागात वापरा आणि तीन पुढच्या भागाला राखा. ठेलेवाला स्वतः सरळ माणूस, तो जागेवरून हलत नाही. बाकी तिघांना यायला कारण नको, पण जायला कारण लिहा: कोणाची बस, कोणाची बारी ओलिताची, कोणाची बायको हाक मारते. जाण्याची वेळ ठरली की संवादाला आपोआप घाई येते.

बोलताना दोघं दिसतील एवढाच कॅमेरा जवळ, चौघं दिसायला हवेत तेव्हा रस्त्याच्या पलीकडे. आवाज ठेल्यावरच्या पंख्याचा आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा येतो, म्हणून शूटिंग सकाळी सहा ते आठमध्ये उरका.

आणि बाकडं लहान घ्या, जास्तीत जास्त दोघं बसतील एवढं. तिसरा उभा राहतो, आणि उभ्या माणसाचं बोलणं बसलेल्याहून निराळं होतं.